यंत्रासोबतचे मोफत सॉफ्टवेअर सशुल्क होताना : आय.बी.एम.च्या १९६९ मधील निर्णयाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकासोबत मिळालेली एखादी आज्ञावली वर्षानुवर्षे विनाशुल्क वापरली जाते. संस्थेचे दैनंदिन कामकाज हळूहळू तिच्यावर उभे राहते. कर्मचारी तिला सरावतात, नोंदी तिच्या पद्धतीने ठेवल्या जातात आणि काही वर्षांनी उत्पादक कंपनी जाहीर करते की यापुढे त्या आज्ञावलीसाठी स्वतंत्र शुल्क आकारले जाईल. अशा वेळी वापरकर्त्यांमध्ये निर्माण होणारी अस्वस्थता ही इंटरनेटच्या युगाची देणगी आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः या अस्वस्थतेचा इतिहास अर्धशतकाहून अधिक जुना आहे. २३ जून १९६९ रोजी आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने यंत्राच्या भाड्यात अंतर्भूत असलेले सॉफ्टवेअर व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी केली. संगणक व्यवसायात 'अनबंडलिंग' या नावाने ओळखली जाणारी ही घटना म्हणजे सॉफ्टवेअर या वस्तूच्या स्वतंत्र बाजारपेठेचा महत्त्वाचा प्रारंभबिंदू होय.

या घटनेचा अभ्यास बहुधा कंपन्यांच्या, न्यायालयीन खटल्यांच्या किंवा उद्योगाच्या वाढीच्या अंगाने केला जातो. वापरकर्त्यांना त्या वेळी नेमकी कशाची भीती वाटत होती आणि त्यांपैकी कोणती भीती काळाच्या कसोटीवर खरी ठरली, हा प्रश्न तुलनेने मागे राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. १९६९ पूर्वी सॉफ्टवेअर 'मोफत' होते याचा नेमका अर्थ स्पष्ट करणे.
२. सॉफ्टवेअर सशुल्क होण्यामागील कारणांचा व वापरकर्त्यांच्या चिंतांचा आढावा घेणे.
३. त्या चिंतांपैकी पैशाविषयीची चिंता आणि अधिकाराविषयीची चिंता यांचे पुढील काळात काय झाले, हे तपासणे.

एकत्रित किमतीची पद्धत

१९५० च्या दशकात संगणक ही विकत घेण्याची नव्हे, तर प्रामुख्याने भाड्याने घेण्याची वस्तू होती. आय.बी.एम.ची यंत्रे मासिक भाड्याने दिली जात. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकन न्याय खात्याशी झालेल्या संमती-करारानुसार कंपनीला यंत्रे विक्रीसही उपलब्ध करून द्यावी लागली. तथापि त्यानंतरही बहुसंख्य ग्राहकांनी भाड्याचा मार्गच पसंत केला. या भाड्यात केवळ यंत्राचा वापर अंतर्भूत नव्हता. यंत्राची देखभाल, ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, ग्राहकाच्या जागेवर येऊन काम करणाऱ्या 'सिस्टिम्स इंजिनिअर' या तज्ज्ञांची मदत आणि तयार आज्ञावली या सर्व गोष्टी त्याच रकमेत मिळत असत.

अशा आज्ञावलींचे मोल लहानसहान नव्हते. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली १९५४ पासून सुमारे 3 वर्षे काम करून तयार झालेली फोर्ट्रान ही संगणकभाषा व तिचा कंपायलर एप्रिल १९५७ मध्ये आय.बी.एम. ७०४ या यंत्राच्या ग्राहकांना वेगळे शुल्क न आकारता देण्यात आला. १९५९ मध्ये जाहीर झालेल्या १४०१ या मध्यम आकाराच्या यंत्रासाठी आयुर्विमा कंपन्यांना उपयुक्त अशी आज्ञावली १९६२ च्या सुमारास तयार करण्यात आली आणि तीही अशाच रीतीने विमा कंपन्यांना मिळाली. आज्ञावली चांगली असेल तर यंत्र भाड्याने जाईल, हे यामागील व्यापारी सूत्र होते. यंत्र हा माल होता आणि आज्ञावली हे त्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देणारे साधन होते.

यावरून 'मोफत' या शब्दाची मर्यादा ध्यानात येते. सॉफ्टवेअरची किंमत अस्तित्वात होती. मात्र ती यंत्राच्या भाड्यात मिसळलेली असल्यामुळे दिसत नव्हती. ज्या ग्राहकाकडे स्वतःचे कुशल प्रोग्रॅमर होते आणि जो कंपनीची फारशी मदत घेत नव्हता, तोही तेच भाडे देत असे. जो ग्राहक कंपनीच्या तज्ज्ञांना महिनोन्महिने आपल्याकडे ठेवून घेत असे, त्यालाही तेच भाडे पडत असे. म्हणजेच काही ग्राहकांच्या सेवेचा खर्च इतर ग्राहक नकळत उचलत होते.

वापरकर्त्यांच्या संघटना व आज्ञावलींची देवाणघेवाण

या व्यवस्थेची दुसरी बाजू वापरकर्त्यांच्या सहभागाची होती. ऑगस्ट १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनमध्ये ७०४ या यंत्राच्या ग्राहकांची बैठक झाली आणि त्यातून 'शेअर' ही वापरकर्त्यांची संघटना स्थापन झाली. वाटून घेणे हा तिच्या नावाचाच अर्थ होता. प्रत्येक ठिकाणचे प्रोग्रॅमर तेच ते काम नव्याने करीत होते. ते टाळून एकाने लिहिलेली आज्ञावली सर्वांनी वापरावी, हा संघटनेचा हेतू होता. विमान उद्योगातील एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्याही यात एकत्र आल्या. व्यावसायिक कामासाठी संगणक वापरणाऱ्या ग्राहकांची 'गाइड' ही संघटना १९५६ मध्ये निर्माण झाली.

१९६० च्या दशकात आय.बी.एम.च्या आज्ञावलींचे चार वर्ग मानले जात. पहिल्या दोन वर्गांतील आज्ञावली कंपनी स्वतः तयार करीत असे व त्यांतील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी घेत असे. तिसऱ्या वर्गात कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या आणि चौथ्या वर्गात ग्राहकांनी केलेल्या आज्ञावली असत. त्या कोणत्याही हमीविना सर्वांना उपलब्ध असत. ह्यूस्टन येथे नासाच्या कामासाठी लिहिलेली 'हॅस्प' ही तिसऱ्या वर्गातील आज्ञावली याचे उत्तम उदाहरण होय. संगणकाकडे येणारी कामे रांगेत लावून छपाईपर्यंत नेण्याचे कार्य ती करीत असे. तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरला वाचता व बदलता येईल असा लिखित मजकूर, उपलब्ध असल्याने अनेक केंद्रांनी आपापल्या गरजेनुसार तिच्यात बदल केले. पुढे तिचाच वारसा कंपनीच्या मुख्य कार्यप्रणालीत सामावला गेला. वापरकर्ता हा येथे केवळ ग्राहक नव्हता. तो आज्ञावलीचा वाचक, दुरुस्ती करणारा व काही वेळा सहलेखकही होता.

व्यवस्थेवरील ताण

एप्रिल १९६४ मध्ये आय.बी.एम.ने सिस्टिम/३६० ही परस्परांशी सुसंगत अशा यंत्रांची मालिका जाहीर केली. तिचे मासिक भाडे लहान यंत्रासाठी २,७०० डॉलरपासून मोठ्या यंत्रणेसाठी १,१५,००० डॉलरपर्यंत होते. या मालिकेसाठी लागणारी ओ.एस./३६० ही कार्यप्रणाली तयार करताना कंपनीला अभूतपूर्व अडचणी आल्या. या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी आपल्या १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात नमूद केल्याप्रमाणे, १९६३ ते १९६६ या काळात तिच्या रचनेवर व लेखनावर सुमारे ५,००० मनुष्यवर्षे खर्ची पडली. विक्रीस साहाय्यभूत म्हणून दिल्या जाणाऱ्या गोष्टीचा खर्च इतका वाढला की तो भाड्यात मिसळून दडवणे कठीण झाले.

दुसरा ताण स्वतंत्र सॉफ्टवेअर व्यावसायिकांकडून आला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या अप्लाइड डेटा रिसर्च या प्रिन्स्टन येथील कंपनीने १९६५ मध्ये 'ऑटोफ्लो' ही आज्ञावली बाजारात आणली. प्रोग्रॅमवरून प्रवाह-आकृती आपोआप काढून देणाऱ्या या आज्ञावलीची किंमत २,४०० डॉलर होती. परंतु त्याच स्वरूपाची एक आज्ञावली आय.बी.एम. आपल्या ग्राहकांना वेगळे शुल्क न घेता देत असे. जे यंत्रासोबत मिळते त्यासाठी पैसे का मोजावेत, हा ग्राहकांचा प्रश्न स्वाभाविक होता. या कंपनीचे मार्टिन गोएट्झ यांना २३ एप्रिल १९६८ रोजी माहितीच्या क्रमवारीच्या पद्धतीबद्दल एकस्व मिळाले. सॉफ्टवेअरसंबंधीचे ते पहिले अमेरिकन एकस्व मानले जाते. एप्रिल १९६९ मध्ये कंपनीने आय.बी.एम.विरुद्ध दावा दाखल केला आणि १९७० मध्ये तो तडजोडीने मिटला.

तिसरा ताण कायद्याचा होता. डिसेंबर १९६८ मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने, तर १७ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकन न्याय खात्याने आय.बी.एम.विरुद्ध मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. यंत्र, सॉफ्टवेअर व सेवा यांची एकच किंमत ठेवण्याची पद्धत हा न्याय खात्याच्या आक्षेपांपैकी एक होता. आय.बी.एम.ने किंमतपद्धती बदलण्याचा मनोदय डिसेंबर १९६८ मध्येच जाहीर केला होता. हा बदल कायद्याच्या धाकाने झाला की वाढत्या खर्चामुळे, याविषयी अभ्यासकांत व कंपनीच्या तत्कालीन अधिकाऱ्यांतही एकवाक्यता नाही. दोन्ही कारणे एकाच वेळी कार्यरत होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

निर्णयाचे स्वरूप

२३ जून १९६९ च्या घोषणेनुसार यंत्रांच्या किमतीत ३ टक्के कपात करण्यात आली. सिस्टिम्स इंजिनिअरच्या सेवेसाठी व बहुतांश प्रशिक्षणासाठी शुल्क लागू झाले. १७ आज्ञावली 'प्रोग्रॅम प्रॉडक्ट' म्हणून स्वतंत्र मासिक शुल्कावर देण्यात येऊ लागल्या. यंत्र चालू ठेवण्यासाठी अत्यावश्यक असलेली मूळ कार्यप्रणाली मात्र पूर्ववत विनाशुल्क राहिली. नव्या ग्राहकांना हा बदल तात्काळ, तर जुन्या ग्राहकांना १ जानेवारी १९७० पासून लागू होणार होता. प्रारंभी हा निर्णय अमेरिकेपुरता मर्यादित होता.

आज्ञावली विकली गेली नाही, तर परवान्याने वापरण्यास दिली गेली, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने १९६४ पासून आज्ञावलींची नोंदणी स्वीकारली होती; तरी त्या संरक्षणाची व्याप्ती संदिग्ध होती व त्याविषयीची स्पष्ट कायदेशीर दुरुस्ती १९८० मध्ये झाली. त्यामुळे कॉपीराइटला परवाना-कराराची जोड देण्यात आली. वापरकर्त्याने काय करावे व काय करू नये, हे आता करारातील कलमांवरून ठरू लागले.

वापरकर्त्यांच्या चिंता

या घोषणेने निर्माण झालेल्या चिंतांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिली चिंता खर्चाची होती. ३ टक्के कपात अनेक ग्राहकांना अपुरी वाटली. वीज, दूरध्वनी यांसारख्या सार्वजनिक सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी १९६८ मध्ये जाहीर झालेली 'सी.आय.सी.एस.' ही आज्ञावली जुलै १९६९ मध्ये महिना ६०० डॉलर शुल्काचे उत्पादन म्हणून आली. ज्या ग्राहकाचे मासिक भाडे १०,००० डॉलर होते, त्याची ३ टक्क्यांप्रमाणे ३०० डॉलरची बचत होत असे. म्हणजे या एका आज्ञावलीचे शुल्कच त्या बचतीच्या दुप्पट होते. त्याशिवाय प्रशिक्षण व तज्ज्ञांच्या सेवेचा खर्च वेगळा होता.

दुसरी चिंता भविष्याची होती. आज १७ आज्ञावली सशुल्क झाल्या, उद्या आणखी कोणत्या होतील? कार्यप्रणाली विनाशुल्क राहील, हे आश्वासन किती काळ टिकेल? एखाद्या आज्ञावलीवर संस्थेचे कामकाज एकदा उभे राहिले की ती सोडणे जवळजवळ अशक्य होते. अशा स्थितीत पुढील शुल्क ठरवण्याचे सामर्थ्य एकाच पक्षाकडे राहते. ही जाणीव प्रत्यक्ष रकमेपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी होती.

तिसरी चिंता सहभागाची होती. सिस्टिम्स इंजिनिअर ग्राहकाच्या केंद्रात बसून काम करीत, तेव्हा दोन्हीकडचे प्रोग्रॅमर एकमेकांकडून शिकत असत. वेळेचा हिशेब सुरू झाल्यावर हे सहज शिक्षण आटले. नवशिक्या तज्ज्ञाला अनुभव मिळावा म्हणून ग्राहकाकडे पाठवणे आता अवघड झाले, कारण त्याच्या तासाचे पैसे देण्यास ग्राहक राजी नसे. तसेच कालपर्यंत समान मालकीची वाटणारी आज्ञावली आता कंपनीची मालमत्ता ठरली. तिच्यात वापरकर्त्याने सुचवलेल्या वा केलेल्या सुधारणांचे स्थान काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

चिंता कितपत खऱ्या ठरल्या?

खर्चाविषयीची चिंता निराधार नव्हती. परंतु कालांतराने तिची तीव्रता कमी झाली. सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमत आल्यामुळे ते विकणाऱ्या अन्य कंपन्यांना बाजारात शिरता आले. इन्फॉर्मेटिक्स या कंपनीची १९६७ मध्ये ३०,००० डॉलर किमतीला आलेली 'मार्क फोर' ही आज्ञावली या काळात मोठ्या प्रमाणावर विकली गेली. ग्राहकाला आता निवड करता येऊ लागली. जे वापरायचे नाही त्याचे पैसे देण्याची सक्ती काही अंशी संपली. या दृष्टीने पाहता, दडलेली किंमत उघड होणे हे ग्राहकांच्या हिताचेही होते आणि स्वतंत्र व्यावसायिकांना न्याय देणारेही होते.

भविष्याविषयीची चिंता मात्र टप्प्याटप्प्याने खरी ठरली. आय.बी.एम. सोडून गेलेले जीन अ‍ॅमडाल यांच्या कंपनीने १९७५ मध्ये आय.बी.एम.च्या यंत्राशी सुसंगत असे यंत्र बाजारात आणले. आय.बी.एम.ची विनाशुल्क कार्यप्रणाली या प्रतिस्पर्धी यंत्रावरही चालत असे. म्हणजे कार्यप्रणाली तयार करण्याचा खर्च एका कंपनीचा आणि यंत्राचे उत्पन्न दुसऱ्या कंपनीचे, अशी स्थिती निर्माण झाली. 'यंत्र विकले जावे म्हणून सॉफ्टवेअर द्यावे' हे जुने सूत्र येथे निरुपयोगी ठरले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'एम.व्ही.एस.' या कार्यप्रणालीचे सुधारित भाग सशुल्क झाले. मूळ आवृत्ती विनाशुल्कच राहिली. परंतु नव्या सोयी व नव्या यंत्रांचा पूर्ण उपयोग करून घेण्यासाठी सशुल्क भाग घेणे भाग पडू लागले. आश्वासन शब्दशः मोडले गेले नाही, तरी त्याचे व्यावहारिक मूल्य घटत गेले.

सहभागाविषयीची चिंता सर्वांत उशिरा, पण सर्वांत गंभीरपणे प्रत्ययास आली. सशुल्क झाल्यानंतरही अनेक आज्ञावलींची मूळ संहिता ग्राहकांना मिळत होती. 'व्ही.एम.' या कार्यप्रणालीचे वापरकर्ते तिच्यातील दोष स्वतः शोधत, दुरुस्त्या करीत आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातून वितरित होणाऱ्या चुंबकीय फितीद्वारे त्या इतरांपर्यंत पोहोचवीत. फेब्रुवारी १९८३ मध्ये आय.बी.एम.ने यापुढे नव्या आज्ञावली केवळ यंत्राला समजणाऱ्या स्वरूपात देण्याचे धोरण जाहीर केले. शुल्क भरूनही संहिता वाचता येणार नव्हती. 'शेअर' व अन्य संघटनांनी याला तीव्र विरोध केला. तो अनेक वर्षे चालला. तथापि धोरणाची मूळ दिशा बदलली नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संगणक केंद्रातील मेलिंडा व्हेरियन यांनी लिहिलेल्या व्ही.एम.च्या इतिहासात या संघर्षाचे सविस्तर चित्रण आढळते. १९६९ च्या निर्णयाला सरावलेल्या वापरकर्त्यांना १९८३ चा निर्णय स्वीकारणे जड गेले, यातच त्यांच्या मूळ चिंतेचे स्वरूप स्पष्ट होते. पैसे देण्यास त्यांची तयारी झाली होती. आज्ञावली समजून घेण्याचा अधिकार सोडण्यास नव्हती.

विद्यापीठे आणि युनिक्सचा अनुभव

याच प्रश्नाचे शैक्षणिक क्षेत्रातील रूप युनिक्स या कार्यप्रणालीच्या इतिहासात दिसते. ए.टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून ती विकसित झाली. १९५६ च्या एका स्वतंत्र संमती-करारामुळे या कंपनीला दूरसंचाराबाहेरील व्यवसाय करण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात व मूळ संहितेसह मिळत असे. सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये या संहितेवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. प्रत्यक्ष वापरातील कार्यप्रणाली ओळीओळीने वाचून शिकण्याची संधी विद्यार्थ्यांना यामुळे लाभली.

१९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या परवान्याने ही संहिता वर्गात शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले; त्याचे अधिकृत प्रकाशन होण्यास १९९६ साल उजाडले. १९८४ मध्ये दूरध्वनी कंपनीचे विभाजन होऊन जुने निर्बंध दूर झाल्यावर युनिक्स पूर्णतः व्यापारी उत्पादन बनले. शिकवण्यासाठी कार्यप्रणाली उरली नाही म्हणून अ‍ॅमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी 'मिनिक्स' ही छोटी कार्यप्रणाली स्वतः लिहिली व १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ करणारे लिनस टोरव्हाल्ड्स हे या मिनिक्सचे वापरकर्ते होते. त्यापूर्वी सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली होती. स्टॉलमन यांच्या मांडणीत मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे विनामूल्य सॉफ्टवेअर नव्हे, तर वाचण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य देणारे सॉफ्टवेअर होय. आय.बी.एम.च्या संहिताविषयक धोरणाचे आणि या घोषणेचे वर्ष एकच असणे हा योगायोग असला, तरी दोन्ही घटनांच्या मुळाशी असलेला प्रश्न समान होता.

भारतीय संदर्भ

भारतातील आय.बी.एम.चे ग्राहकही प्रामुख्याने भाड्याच्या यंत्रांवर अवलंबून होते. १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्यानुसार परकीय भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची अट कंपनीने मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातील कामकाज आवरते घेतले. तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आली. पुरवठादार निघून गेल्यानंतर यंत्र व आज्ञावली यांचे काय होते, हा प्रश्न भारतीय वापरकर्त्यांनी असा प्रत्यक्ष अनुभवला.

दुसरीकडे, मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून बरोज या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअरचे काम सुरू केले. मुंबईतील सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, १९७३ मध्ये स्थापन झाले होते. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीची कारणे अनेक आहेत. परंतु आज्ञावली हे यंत्रासोबतचे दान नसून स्वतंत्र मोबदल्याचे काम आहे, ही कल्पना जागतिक बाजारात रूढ झालेली असणे ही त्यांतील एक आवश्यक पार्श्वभूमी होती. अमेरिकेतील वापरकर्त्यांना ज्या बदलाने चिंतेत टाकले, त्याच बदलामुळे मुंबईतील प्रोग्रॅमरच्या श्रमाला बाजारमूल्य मिळण्यास साहाय्य झाले, हे विसरता येत नाही.

अलीकडील दोन उदाहरणे

१९६९ च्या घटनेतून मिळणारा बोध अलीकडील उदाहरणांवरून तपासता येतो. सन मायक्रोसिस्टिम्सची जावा ही संगणकभाषा व तिची साधने दीर्घकाळ विनाशुल्क मिळत होती. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली आणि २०१९ मध्ये आपल्या जावा ८ च्या पुढील सुधारित आवृत्त्या व्यापारी वापरासाठी सशुल्क केल्या. वापरकर्त्यांत चिंता पसरली. परंतु सन कंपनीने २००६-०७ मध्येच जावाची संहिता मुक्त परवान्याखाली खुली केलेली असल्याने 'ओपन-जे.डी.के.' हा पर्याय उपलब्ध होता. अनेक संस्था त्याकडे वळल्या. १९८३ मधील आय.बी.एम.च्या वापरकर्त्यांना अशी वाट उपलब्ध नव्हती.

दुसरे उदाहरण महाविद्यालयांच्या परिचयाचे आहे. गूगलच्या शिक्षणसंस्थांसाठीच्या विनाशुल्क सेवेत अमर्याद साठवणूक मिळत असे. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांनी आपले अध्यापन याच सेवेच्या आधारे चालू ठेवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की विनाशुल्क सेवेतील साठवणूक प्रत्येक संस्थेस एकत्रित १०० टेराबाइट इतकी मर्यादित राहील. जुन्या संस्थांसाठी हा बदल जुलै २०२२ पासून अमलात येणार होता. सेवा बंद झाली नाही, मूळ भाग विनाशुल्कच राहिला आणि अधिक जागेसाठी सशुल्क मार्ग दाखवण्यात आला. एम.व्ही.एस.च्या बाबतीत चार दशकांपूर्वी झालेल्या बदलाशी याचे साम्य उघड आहे. येथे वापरकर्त्याच्या हाती संहिता नसते. असते ती केवळ आपली माहिती. ती वेळेत व वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येते का, यावर संस्थेचे स्वातंत्र्य अवलंबून राहते.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९६९ पूर्वीचे सॉफ्टवेअर मोफत नव्हते. त्याची किंमत यंत्राच्या भाड्यात अदृश्य होती आणि तिचा भार ग्राहकांवर असमान रीतीने पडत होता.

२. उत्पादक एखादी गोष्ट विनाशुल्क देतो तेव्हा त्याचे उत्पन्न अन्य मार्गाने येत असते. तो मार्ग अरुंद झाला की विनाशुल्क गोष्टीचे स्वरूप बदलते. अ‍ॅमडाल यांच्या यंत्रानंतर कार्यप्रणालीचे सुधारित भाग सशुल्क होणे हे याचे उदाहरण होय. म्हणून 'हे मोफत राहील का?' या प्रश्नाआधी 'याचे पैसे आज कोठून येतात?' हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

३. खर्चाविषयीची चिंता स्पर्धेमुळे काही प्रमाणात निवळली. आज्ञावली वाचण्याच्या, बदलण्याच्या व वाटून घेण्याच्या अधिकाराविषयीची चिंता मात्र अधिक दूरगामी ठरली, कारण गमावलेला अधिकार पैसे देऊनही परत मिळाला नाही. ज्या ठिकाणी हा अधिकार परवान्याने आधीच सुरक्षित झाला होता, त्या ठिकाणी वापरकर्त्यांना पर्याय शोधता आला.

शिक्षणसंस्था संगणकीय साधने निवडतात तेव्हा तुलनात्मक तक्त्यात किमतीचा रकाना हमखास असतो. संहिता, माहिती बाहेर काढण्याची सोय व परवान्यातील अध्यापनविषयक अटी यांचे रकाने क्वचितच आढळतात. १९६९ ते १९८३ या काळातील वापरकर्त्यांचा अनुभव पाहता, हे रकाने साधन स्वीकारण्यापूर्वी भरले जाणे अगत्याचे आहे. कामकाज एकदा त्या साधनावर उभे राहिल्यानंतर ते भरून फारसा उपयोग होत नाही.